लहान पोलीस व अग्निशमन विभागात मनुष्यबळ आणि प्रशिक्षण कसे आखावे: नव्या प्रभारींसाठी मार्गदर्शक

पाळ्या लावण्याचे आणि प्रशिक्षण आखण्याचे काम सहसा कोणी मागून घेत नाही. बढतीबरोबर किंवा कोणाच्या तरी निवृत्तीमुळे ते अंगावर येते, आणि पहिल्याच आठवड्यात दोन तक्रारी टेबलावर पडतात: माणसे कमी आहेत आणि प्रशिक्षण होत नाही. बहुतेक कार्यालयांत या दोन तक्रारींच्या दोन वेगळ्या फायली असतात. मी हे काम पोलीस आणि अग्निशमन अशा दोन्ही बाजूंनी केले आहे आणि माझे मत असे झाले आहे की ही फाईल एकच असायला हवी. प्रशिक्षणाचे तास मनुष्यबळाच्या हिशेबात आधीच धरलेले नसतील, तर ज्या दिवशी कोणी आजारी पडेल त्या दिवशी सर्वांत आधी प्रशिक्षणच रद्द होईल, आणि असे दिवस रोजच येतात. पुढील पायऱ्या त्याच क्रमाने दिल्या आहेत, ज्या क्रमाने त्या केल्यास काम पुन्हा उलटे फिरून करावे लागत नाही.

१. आधी कागद गोळा करा

कोणताही तक्ता करण्यापूर्वी खालील कागद हाती असू द्या. संगणकावरील साधी तक्त्याची फाईल पुरेशी आहे. महागडी प्रणाली घेण्याची घाई करू नका.

- मंजूर पदांची यादी आणि त्यासमोर प्रत्यक्ष भरलेली पदे. दीर्घ रजेवर, प्रतिनियुक्तीवर, निलंबित किंवा कार्यालयीन कामावर असलेल्यांची नावे वेगळ्या रकान्यात लिहा.
- मागील तीन वर्षांचा रजेचा अभिलेख. नियमानुसार किती रजा देय आहे त्यापेक्षा प्रत्यक्षात किती घेतली जाते, हे महत्त्वाचे.
- मागील किमान एका वर्षाची घटनांची नोंदवही: वर्दी (घटनेची खबर) मिळाल्याची, गाडी निघाल्याची, पोहोचल्याची आणि मोकळी झाल्याची वेळ.
- जादा कामाच्या भत्त्याची देयके.
- प्रत्येक कर्मचाऱ्याची प्रशिक्षणाची नोंद आणि प्रमाणपत्रे संपण्याच्या तारखा.
- वाहने, बीए सेट (हवेच्या सिलिंडरसह पाठीवर घ्यायचे श्वसनयंत्र), शस्त्रे आणि संरक्षक पोशाख यांची साठा नोंदवही.
- शेजारच्या विभागांशी परस्पर मदतीचे करार असल्यास त्यांच्या प्रती.
- पुढील पाच वर्षांत निवृत्त होणाऱ्यांची यादी.

नोंदवहीतील वेळा एकदा नीट पाहा. पोहोचल्याच्या बहुतेक सर्व वेळा शून्य किंवा पाच या अंकावर संपत असतील, तर त्या घटनास्थळी नोंदवलेल्या नसून केंद्रात परतल्यावर आठवून लिहिलेल्या आहेत असे समजा. अशा आकड्यांवर प्रतिसादाचा हिशेब उभा करू नये. नियंत्रण कक्षातील माणसाने बिनतारी संदेश ऐकताच वेळ लिहायची, ही एक सवय लावून तीन महिने थांबा. तोवर पुढील पायरी करता येते.

२. एका जागेला किती माणसे लागतात ते काढा

नव्या प्रभारींचा सर्वांत जास्त गोंधळ येथेच होतो. तीन पाळ्या म्हणजे एका जागेला तीन माणसे, असा हिशेब बरेच जण करतात. सुट्टी आणि रजा नसलेला माणूस मिळाला तरच तो बरोबर येईल.

उदाहरणादाखल आठ तासांची पाळी घ्या. वर्षाचे ३६५ दिवस. त्यांतून साप्ताहिक सुट्टीचे ५२ दिवस वजा जाता ३१३ उरतात. समजा एक कर्मचारी सरासरी ३० दिवस अर्जित रजा, ८ दिवस नैमित्तिक रजा आणि १० दिवस आजारपणाची रजा घेतो, आणि १० दिवस प्रशिक्षणावर असतो. हे ५८ दिवस गेल्यावर तो प्रत्यक्ष पाळीवर २५५ दिवस मिळतो. दिवसरात्र चालू असलेल्या एका जागेच्या वर्षाला १०९५ पाळ्या होतात. १०९५ ला २५५ ने भागले की ४.२९ येतात. म्हणजे ठाण्यातील किंवा नियंत्रण कक्षातील एकच खुर्ची वर्षभर भरलेली ठेवायची तर चारांहून अधिक माणसे लागतात. वरील आकडे केवळ रीत दाखवण्यासाठी आहेत. तुमच्या रजेच्या अभिलेखातून तुमचे आकडे घ्या. येथे रजा नियमांचे पुस्तक उघडून देय रजा लिहिण्याचा मोह होतो, तो टाळा.

याच हिशेबात प्रशिक्षणाचे मोल दिसते. प्रशिक्षणाचे दिवस १० वरून १५ केले, तर भागाकार ४.३८ होतो. अशा वीस जागा असलेल्या विभागात हा फरक पावणेदोन माणसांचा, म्हणजे व्यवहारात दोन पदांचा आहे. प्रशिक्षण वाढवण्याचा आदेश आला आणि त्यासोबत ही दोन पदे आली नाहीत, तर तो आदेश जादा कामातून पाळला जाईल किंवा खोट्या स्वाक्षऱ्यांनी. रजा राखीव पदांची मागणी करताना प्रशिक्षणाचे दिवस त्यात उघडपणे लिहावेत, असे मी म्हणतो ते यासाठी.

३. अग्निशमनाची किमान संख्या आधी गाडीवर ठरवा

केंद्रात एकूण किती माणसे आहेत यापेक्षा पहिल्या गाडीवर किती जण चढतात, हा खरा प्रश्न आहे. एनएफपीए या अग्निसुरक्षेची मानके ठरवणाऱ्या अमेरिकी संस्थेचे १७१० क्रमांकाचे मानक पूर्णवेळ विभागांसाठी पंपगाडीवर किमान चार जण धरते: पथकप्रमुख, पंप चालवणारा चालक आणि दोन अग्निशामक. हा आकडा हवेतून आलेला नाही. अमेरिकेतील राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने २०१० मध्ये घरगुती आगीच्या मोजलेल्या चाचण्या प्रसिद्ध केल्या. त्यांत चौघांच्या पथकाने आवश्यक कामे दोघांच्या पथकापेक्षा सुमारे ३० टक्के आणि तिघांच्या पथकापेक्षा सुमारे २५ टक्के कमी वेळात पूर्ण केली.

दुसरे कारण सुरक्षेचे आहे. आगीने वेढलेल्या इमारतीत शिरणारे किमान दोघे एकमेकांच्या नजरेत किंवा आवाजाच्या टप्प्यात राहतात आणि त्यांना सोडवायला किमान दोघे पूर्ण तयारीने बाहेर उभे राहतात, असा अमेरिकेत कामगार सुरक्षेचा नियम आहे. ज्ञात व्यक्तीचा जीव तातडीने वाचवायचा असेल तेव्हाच त्यातून सूट मिळते. तुमच्या देशात असा नियम असो वा नसो, तिघांच्या गाडीवरून दोघे आत गेले की बाहेर फक्त पंपाजवळचा चालक उरतो, आणि आत काही घडले तर तो पंप सोडून जाऊ शकत नाही.

आता हे पाळ्यांत बसवा. चोवीस तास काम आणि अठ्ठेचाळीस तास सुट्टी या पद्धतीत आठवड्याला सरासरी ५६ तास काम होते आणि एका माणसाच्या वाट्याला वर्षाला सुमारे १२२ पाळ्या येतात. त्यांतील २० पाळ्या रजा व प्रशिक्षणात गेल्या तर सुमारे १०२ उरतात. एका जागेच्या वर्षाला ३६५ पाळ्या, त्यांना १०२ ने भागले की गाडीवरील एका जागेला ३.६ माणसे लागतात. चार जागांना १५ माणसे झाली. बारा माणसांवर एक गाडी चालवण्याचा आग्रह कोणी धरला, तर हा तक्ता त्यांच्यापुढे ठेवावा.

स्वयंसेवकांवर किंवा घरून बोलावल्या जाणाऱ्या माणसांवर चालणाऱ्या विभागांसाठी एनएफपीए १७२० हे वेगळे मानक आहे. ग्रामीण भागात १४ मिनिटांत सहा जण, ८० टक्के घटनांत, असे त्याचे उद्दिष्ट आहे. येथील सापळा असा की यादीतील स्वयंसेवक आणि दिवसा उपलब्ध असलेले स्वयंसेवक यांत फार अंतर असते; कामाच्या दिवशी दुपारी एकदा सर्वांना वर्दी देऊन प्रत्यक्ष किती जण येतात ते मोजा.

४. पोलिसांची संख्या लोकसंख्येवरून काढू नका

दर हजार लोकांमागे इतके पोलीस, हा आकडा भाषणात चांगला दिसतो. पाळी लावताना तो निरुपयोगी आहे, आणि पोलीस प्रमुखांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनेही मनुष्यबळ ठरवण्यासाठी तो वापरू नये असे स्पष्ट म्हटले आहे. त्याऐवजी काम मोजा.

समजा एका पाळीत सरासरी २० घटना येतात आणि नोंद लिहिण्यासह प्रत्येकीला ४५ मिनिटे लागतात. हे १५ तास झाले. त्यांतील निम्म्या घटनांना अर्धा तास दुसरा माणूस लागतो. आणखी ५ तास. एकूण २० तास. एका पोलिसाने आठ तासांपैकी जास्तीत जास्त ६० टक्के वेळ, म्हणजे ४.८ तास, वर्दीवरच्या कामाला द्यावा आणि उरलेला गस्त, चौकशी, भेटी आणि जेवण यांसाठी राहावा असे धरले, तर त्या पाळीला पाच जण रस्त्यावर हवेत. वर काढलेल्या २५५ दिवसांच्या हिशेबाने या एकाच पाळीच्या पाच जागांना (५ × ३६५ ÷ २५५ = ७.१६) आठ माणसे नेमावी लागतात. हाच हिशेब दिवस, संध्याकाळ आणि रात्र यांसाठी वेगवेगळा करा, कारण तिन्ही पाळ्यांत सारखी माणसे लावण्याची प्रथा सोयीची असली तरी घटना तशा वाटून येत नाहीत. बंदोबस्त, न्यायालयातील साक्षी आणि आरोपींची ने-आण यांचे तास वेगळे लिहा. नाहीतर ते गस्तीतून कापले जातात आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

५. पाळीची लांबी ठरवताना झोपेचा विचार करा

सलग १७ तास जागा राहिलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसासारखी होते आणि २४ तासांनंतर ती सुमारे ०.१० टक्क्यांच्या पातळीला जाते, हे १९९० च्या दशकातील प्रयोगांत दिसून आले. त्या अवस्थेत आपण कोणालाही गाडी चालवू देणार नाही. अमेरिकेत डेट्रॉइट आणि आर्लिंग्टन येथील पोलिसांवर झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दहा तासांच्या पाळीतील पोलिसांना आठ तासांच्या पाळीतील पोलिसांपेक्षा जास्त झोप मिळाली आणि त्यांचे जादा कामही कमी झाले. बारा तासांच्या पाळीत झोपेचा तसा लाभ आढळला नाही.

पाळी कोणतीही ठेवा, पण दोन पाळ्यांमधील किमान विश्रांती लेखी ठरवा आणि जादा काम तिच्या आड येऊ देऊ नका. जादा कामासाठी नेहमी तेच चार-पाच जण पुढे येतात. त्यांना पैसे हवे असतात आणि तुम्हाला माणूस हवा असतो, त्यामुळे कोणीच तक्रार करत नाही; म्हणून दर महिन्याला प्रत्येकाचे एकूण तास तुम्हीच पाहावेत.

६. एकच नाव दोन पटांवर आहे का, ते तपासा

लहान शहरांत पोलीस आणि अग्निशमन एकत्र चालवण्याचा विचार वारंवार पुढे येतो. ही पद्धत चालू शकते: कॅलिफोर्नियातील सनीवेल शहरात १९५० पासून एकच सार्वजनिक सुरक्षा विभाग आहे आणि तेथील अधिकारी दोन्ही कामांचे पूर्ण प्रशिक्षण घेतात. मात्र तेथे खर्च वाचतो म्हणून प्रशिक्षण अर्धे केलेले नाही. उलट एका माणसामागे दोन अभ्यासक्रम द्यावे लागतात.

बहुतेक ठिकाणी प्रत्यक्षात वेगळेच घडते. पोलिसांच्या पटावर गस्तीसाठी मोजलेला माणूस अग्निशमनाच्या पटावर दुसऱ्या गाडीचा चालक म्हणूनही मोजलेला असतो, आणि रुग्णवाहिकेच्या यादीत तिसऱ्यांदा. साध्या दिवशी हे खपून जाते. मोठी आग लागली की वाहतूक अडवायलाही तोच हवा असतो आणि होज (पाण्याची नळी) ओढायलाही तोच. सर्व याद्या एका तक्त्यात आणा, नावांवरून क्रमवारी लावा आणि जेथे नाव दोनदा येते तेथे त्या माणसाचे पहिले काम कोणते हे लेखी ठरवून दुसऱ्या यादीतून ते नाव काढा. शेजारच्या विभागाच्या मदतीवर विसंबून असाल तर त्यांचीही यादी मागा, कारण तेही तुमच्यावरच विसंबून असतात असे पुष्कळदा निघते.

७. नव्या माणसाला लगेच संख्येत धरू नका

पद मंजूर होण्यापासून तो माणूस स्वतंत्रपणे पाळीवर उभा राहीपर्यंत जाहिरात, चाचण्या, वैद्यकीय तपासणी, चारित्र्य पडताळणी, मूलभूत प्रशिक्षण आणि प्रत्यक्ष कामावरील प्रशिक्षण यांत वर्ष-दीड वर्ष सहज जाते. म्हणून निवृत्तीची यादी दोन वर्षे आधी पाहावी लागते.

पोलिसांत मूलभूत प्रशिक्षणानंतरचा टप्पा सर्वांत दुर्लक्षित असतो. अमेरिकेतील सॅन होजे पोलिसांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला यासाठी एक रीत घालून दिली: नवा माणूस निवडलेल्या आणि प्रशिक्षित मार्गदर्शकाबरोबर काम करतो, मार्गदर्शक रोज लेखी मूल्यमापन करतो आणि ठरावीक काळाने मार्गदर्शक बदलतो. यातील तीन गोष्टी कोठेही घेता येतात. पहिली, मार्गदर्शक रिकामा आहे म्हणून नेमू नका. दुसरी, रोजच्या नोंदीत ‘समाधानकारक’ एवढाच शेरा चालणार नाही. काय पाहिले ते लिहिले पाहिजे. तिसरी, मार्गदर्शक आणि नवा माणूस ही जोडी पटावर एकच माणूस म्हणून धरा. दोन धरली की मार्गदर्शक शिकवणे सोडून कामाच्या मागे लागतो.

८. केंद्रातील रोजची कवायत

वर्षातून एकदा बाहेर पाठवलेले प्रशिक्षण चांगलेच, पण हाताला वळण लागते ते पाळीच्या सुरुवातीच्या पाऊण तासात. त्या वेळेत एकच विषय घ्या आणि तो मोजून घ्या. उदाहरण बीए सेटचे. ६.८ लिटरच्या सिलिंडरमध्ये ३०० बार दाब असतो, म्हणजे ढोबळमानाने २००० लिटर हवा. मिनिटाला ४० लिटर या धरलेल्या दराने ती ५० मिनिटे पुरायला हवी. पण जिना चढून, भरलेली होज ओढत काम करणारा माणूस मिनिटाला १०० लिटरपर्यंतही हवा घेऊ शकतो आणि मग तीच हवा २० मिनिटांत संपते; त्यातही बाहेर येण्यासाठीचा राखीव भाग सोडावा लागतो. प्रत्येकाला पूर्ण पोशाखात दोन मजले चढवून, बाहुला ओढायला लावून सुरुवातीचा आणि शेवटचा दाब लिहून ठेवा. काही आठवड्यांत प्रत्येकाचा स्वतःचा वापर कळतो, आणि कोणाला कोणाबरोबर आत पाठवायचे हे ठरवताना तो तक्ता उपयोगी पडतो.

पंप चालवणाऱ्यांची कवायत वेगळी घ्या. होजमधील घर्षणाने होणारी दाबाची हानी प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे पाणी दुप्पट केले की हानी सुमारे चौपट होते. हे फळ्यावर सर्वांना पटते. एकाच होजवर दोन वेगवेगळे नोझल लावून दाबमापक वाचायला लावला की ते लक्षात राहते. वर्दीपासून गाडी हलेपर्यंतचा वेळही अधूनमधून मोजा. एनएफपीए १७१० या मानकात आगीच्या वर्दीसाठी तो ८० सेकंद धरला आहे. सरासरी काढून समाधान मानू नका, १०० पैकी ९० वेळा किती सेकंदांच्या आत गाडी हलली ते पाहा.

पोलिसांसाठी याच वेळेत बोलून प्रसंग निवळवण्याचा सराव घ्या. अमेरिकेतील लुईव्हिल पोलिसांत असे प्रशिक्षण दिल्यावर बळाच्या वापराच्या घटना सुमारे २८ टक्क्यांनी घटल्याचे मूल्यमापनात आढळले होते. सीपीआर (हृदय बंद पडलेल्या माणसाच्या छातीवर दाब देणे) पोलीस आणि अग्निशामक दोघांनाही यायला हवे: मिनिटाला १०० ते १२० दाब, प्रौढ व्यक्तीला ५ ते ६ सेंटिमीटर खोल. हे कौशल्य काही महिन्यांतच उतरते, त्यामुळे प्रमाणपत्राची मुदत संपेपर्यंत थांबू नका.

९. जळत्या आगीचा सराव नियमांशिवाय करू नका

१९८२ मध्ये अमेरिकेतील बोल्डर येथे सरावाच्या आगीत दोन अग्निशामकांचा मृत्यू झाला आणि त्यानंतर १९८६ मध्ये एनएफपीए १४०३ हे मानक आले. त्यातील किमान गोष्टी अशा: एका प्रशिक्षकामागे पाचांहून जास्त शिकाऊ नसावेत, ज्वालाग्राही द्रव ओतून आग लावू नये, आत अडकलेल्या व्यक्तीच्या भूमिकेत जिवंत माणूस ठेवू नये, स्वतंत्र सुरक्षा अधिकारी असावा आणि आत जाण्यापूर्वी सर्वांनी इमारत फिरून पाहिलेली असावी. पाडायला काढलेले जुने घर फुकट मिळते म्हणून घाई होते. ही तयारी जमत नसेल तर धुराच्या यंत्रावर भागवा. कर्करोगविषयक आंतरराष्ट्रीय संस्थेने २०२२ मध्ये अग्निशमनाचे काम कर्करोगकारक गटात टाकले आहे. सरावानंतरही पोशाख धुण्याचा आणि अंघोळीचा नियम पाळा.

१०. दोन्ही विभागांचा एकत्र सराव

मे २०१७ मध्ये मँचेस्टर येथील सभागृहात स्फोट झाला तेव्हा अग्निशमन दल दोन तासांहून अधिक काळ घटनास्थळी पोहोचले नाही. पोलीस, अग्निशमन आणि रुग्णवाहिका या तीन सेवांमध्ये एकत्र येण्याचे ठिकाण आणि परिस्थितीचे समान आकलन यांचा मेळ बसला नव्हता, हे पुढील चौकशीत मांडले गेले. अशा सरावात मोठा देखावा उभा करण्याची गरज नाही. एका टेबलाभोवती शहराचा नकाशा ठेवा आणि चार प्रश्न विचारा: पहिला अधिकारी कोठे उभा राहील, दोघे कोणत्या वाहिनीवर बोलतील, आत जाण्याचा निर्णय कोण घेईल आणि तो बदलला तर सर्वांना कसा कळेल. सांकेतिक आकडे वापरू नका, साध्या शब्दांत बोला. त्यानंतर हेच प्रत्यक्ष बिनतारी संचांवर करा; अनेकदा समान वाहिनी कागदावर असते आणि निम्म्या संचांत भरलेलीच नसते.

११. मागणीची टिप्पणी

अंदाजपत्रकाच्या तीन-चार महिने आधी दोन पानी टिप्पणी द्या. तिच्यात जागा आणि प्रत्येक जागेमागे लागणारी माणसे, गेल्या वर्षी किमान संख्येपेक्षा कमी माणसांवर चाललेल्या पाळ्यांची संख्या, आखलेले आणि प्रत्यक्ष झालेले प्रशिक्षणाचे तास, आणि जादा कामावरील खर्चात किती पदे भरता आली असती, एवढेच असावे. सर्व पदे मिळणार नाहीत, त्यामुळे पर्याय तुम्हीच लिहून द्या: पदे वाढवा, किंवा दुसरी गाडी ठरावीक वेळी बंद ठेवण्यास लेखी मान्यता द्या. रद्द झालेल्या प्रत्येक प्रशिक्षणासमोर त्या दिवशी ते का रद्द झाले, ते एका ओळीत लिहिलेले परिशिष्ट जोडा. पुढील वर्षीची टिप्पणी त्याच परिशिष्टापासून सुरू करता येते.